घोडी उभी आहे तोवर

भाऊसाहेब कामाला निघाले की शर्ट उलटा घालत. शिवणी बाहेर, खिसा आत, गुंड्या लावताना बोटांची तारांबळ. सुलटी बाजू चार लोकांत वावरायची आणि उलटी चुन्यासिमेंटची, अशी त्यांनी एकाच शर्टाची वाटणी करून टाकली होती. काम संपलं की अंगणातल्या नळावर हातपाय धुवायचे, शर्ट सुलटा करून चढवायचा आणि पुन्हा घरमालक व्हायचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते उलट्या शर्टात. साहजिकच गवंडी समजले आणि विचारलं, "मालक कुठे आहेत हो?"

"थांबा, बोलावतो," असं म्हणून ते आत गेले, शर्ट सुलटा करून बाहेर आले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बोला."

उज्जैनला माधव नगरात त्यांचं दुमजली मकान होतं. पुढच्या खोलीत ते एकटे राहत आणि बाकी खोल्या भाड्याने दिलेल्या. त्यांची पत्नी आम्ही येण्याआधीच गेली होती आणि मुलगा सुहास इंदूरला नोकरीत होता. घराणं जुनं, पूर्वज कधीकाळी दरबाराच्या दफ्तरात लेखणी घासायला दक्षिणेतून आले ते इकडचेच झाले. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. मी सांगलीची. ह्यांना उज्जैनजवळच्या एका सोयाबीनच्या कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी लागली म्हणून आम्ही मुलीला घेऊन इकडे आलो, आणि त्या पहिल्याच दिवशी भाऊसाहेब आम्हाला खोल्या दाखवायला निघाले.

खोल्या दाखवल्या म्हणण्यापेक्षा खोल्यांची दुखणी दाखवली म्हणायला हवं. "ही दीवार आषाढात ओली होते. पलंग इकडे नका लावू. हा नळ सकाळी खोकतो, घाबरायचं नाही, मग येतं पाणी. ह्या खिडकीचा पल्ला थोडा उचलून मग बंद करायचा. त्याची मरम्मत मीच केली, म्हणून तसा झाला. आणि इथे फर्शी पोकळ आहे, हे ऐका." असं म्हणून त्यांनी टाच आपटून दाखवली.

"आणि चांगलं काय आहे?" मी विचारलं. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

"चांगलं काय ते राहून राहून समजेल तुम्हाला. वाईट मी पहिलेच सांगून देतो. मागून कोणी बोलायला नको."

हे माझ्याकडे बघत होते, मी छताकडे बघत होते आणि भाऊसाहेब खाली वाकून पोकळ फरशी पुन्हा एकदा वाजवून बघत होते. आम्ही खोल्या घेतल्या. दुसरीकडे कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

आयुष्यभर त्यांनी पोस्टात नोकरी केली होती. गवंडीकाम, सुतारकाम, नळकाम ह्यांपैकी एकही ते कुणाकडून शिकले नव्हते आणि एकही त्यांना येत नव्हतं, हे मी त्यांच्यावर अतोनात माया असूनही सांगते. त्यांनी दुरुस्त केलेलं दार बंद व्हायचं, पण मग उघडताना खांदा लावावा लागायचा. त्यांनी बसवलेली तोटी गळायची थांबायची आणि तिच्या शेजारची गळायला लागायची. तरी गवंडी बोलवायचं नाव नाही. "तो येतो, थापून जातो. त्याला काय माहीत, ह्या भिंतीचं मागे काय काय झालं आहे," असं म्हणायचे. भिंतीला थापलेल्या सिमेंटवर रंग मात्र ते कधी देत नसत. पिवळ्या भिंतीवर करड्या रंगाचे हे एवढाले डाग पडलेले. पाहुणे आले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मीच चुना आणून डाग झाकायला निघाले, तर त्यांनी माझ्या हातातला कुंचला काढून घेतला.

"दिसू द्या, सूनबाई. पुन्हा तिथेच टपकलं तर शोधत फिरायला नको."

भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायची त्यांना खोडच होती. बोलता बोलता हात आपोआप भिंतीवर जायचा, टक टक, कान तिरका, आणि मग समोरच्याचं वाक्य अर्ध्यावरच राहायचं. माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला माधव नगरातल्या झाडून साऱ्या मराठी बायका आलेल्या, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या. त्यांच्यामधून भाऊसाहेब वाट काढत आले, भिंतीशी जाऊन टकटक करून ऐकलं, "इथे हवा शिरली आहे," एवढं बोलले आणि तिळगूळ घेऊन निघून गेले. बायका कितीतरी वेळ त्या भिंतीकडेच बघत बसल्या.

रविवारी सकाळी ते राम घाटावर जात. आंघोळीला नव्हे. खालच्या खोलीतले भाडेकरू तिवारीजी घाटावर छत्रीखाली बसून यात्रेकरूंची पूजा सांगत, त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. तिवारीजी सांगायचे, "भाऊसाब आते हैं तो भगवान को बाद में देखते हैं, सीढ़ी का पत्थर पहले हिलाते हैं." एखादा दगड हलताना सापडला की भाऊसाहेब दिवसभर अस्वस्थ असायचे.

पण ज्या गोष्टीवरून सारा मोहल्ला त्यांना अर्धवट ठरवायचा ती गोष्ट भाड्याची. भाडं घेऊन गेलं की ते हात पुढे करत नसत. "पहिले तक्रार सांगा," म्हणत. काही तक्रार नाही म्हटलं की त्यांना ते पटायचंच नाही. "असं कसं? महिनाभर राहिलात न? काही तर असेल." मग आम्ही घरातून निघतानाच एखादी तक्रार ठरवून न्यायचो. कधी कडी घट्ट झाली, कधी मोरीत पाणी तुंबतं. तक्रार मिळाली की ते खूश, मग पैसे घेणार, न मोजता खिशात टाकणार. दुसऱ्या दिवशी शर्ट उलटा करून हजर. आमची चांगली चालणारी कडी त्यांनी अशी दोनदा बिघडवली.

आणि ज्याचं भाडं थकलेलं असे, त्याच्याकडे ते न बोलावता जात. हातात करणी, बादलीत सिमेंट. लोकांना वाटायचं, हा म्हाताऱ्याचा वसुलीचा प्रकार आहे. मागायचं नाही, पण डोक्यावर येऊन बसायचं. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी हसत हसत विचारलंही, "भाऊसाहेब, वेळेवर भाडं देणारे आम्ही, आणि मरम्मत पहिली त्यांच्याकडे?"

"तुम्ही तर सांगता, सूनबाई. ज्याचा किराया बाकी असतो तो सांगत नाही. छत टपकलं तरी पातेलं ठेवून चूप बसतो. त्याला वाटतं, आपण कोणत्या तोंडाने बोलायचं. म्हणून अपनच जाऊन बघायचं."

हे उत्तर मला तेव्हा आवडलं, पण विसरूनही गेले. आपल्यावर वेळ येईल असं कुणाला वाटतं?

ती आली. ह्यांच्या कारखान्यात आधी पगार उशिरा व्हायला लागले, मग अर्धे, मग फाटकालाच कुलूप. ह्यांनी अर्ज करायला सुरुवात केली, मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले. त्यात पोट भरायचं, शाळेची फी जायची आणि भाडं राहायचं. पहिल्या महिन्यात मी स्वतः जाऊन सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, "ठीक आहे. तक्रार?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या महिन्यात मी गेलेच नाही. अंगणात ते दिसले की मी मागच्या दाराने जायची.

त्याच पावसाळ्यात पलंगाच्या डोक्याशी असलेली भिंत वरून खालपर्यंत ओली झाली. मी पलंग सरकवला, भिंतीला जुनी चादर लावली आणि कुणालाच काही सांगितलं नाही. छत टपकलं तरी पातेलं ठेवून चूप बसणारे आता आम्हीच होतो.

एका सकाळी दारात खडखडाट झाला. बघते तर भाऊसाहेब उलट्या शर्टात, आणि त्यांच्यामागून तिवारीजी चार पायांची लाकडी घोडी ओढत आणत होते. छतापर्यंत हात पोचायला गवंडी ज्या उंच मेजावर उभे राहतात ती. भाऊसाहेबांनी चादर दूर केली, टकटक केली आणि छिन्नीने त्या भिंतीचं प्लास्टर सोलायला घेतलं. दुपारपर्यंत अर्धी भिंत विटांपर्यंत उघडी पडली. घरभर धूळ. मग ते घोडीवरून उतरले, म्हणाले, "आता जरा सुकू द्या," आणि गेले.

गेले ते गेलेच.

पावसाळा संपला. भिंत सुकली, अगदी खणखणीत सुकली. घोडी तशीच. ती खोलीच्या मधोमध अशी उभी होती की स्वयंपाकघरात जाताना प्रत्येक वेळी अंग चोरून जावं लागायचं. मुलीने तिच्यावर दप्तर ठेवायला सुरुवात केली, मी ओले पंचे वाळत घालायला लागले. दिवाळीला सगळं घर लखलखीत आणि मधे हे लाकडी जनावर. मी अंगणात त्यांना गाठलं.

"भाऊसाहेब, ती भिंत?"

"सिमेंट खराब निघालं ह्या वेळी. नवीन आणतो."

थंडीत विचारलं, तर, "थंडीत मसाला धरत नाही, सूनबाई." उन्हाळ्यात विचारलं, तर, "उन्हात फाटतो तो." म्हणजे वर्षातला एकही ऋतू सिमेंटला मानवत नव्हता. मी ह्यांना म्हणायची, "भाडं नाही दिलं म्हणून सूड घेताहेत हो. घर असं करून ठेवायचं की आपणच कंटाळून निघून जावं." हे पुढचा अर्ज लिहायला घ्यायचे. नोकरी नसलेल्या माणसाला राग यायचीही चोरी असते. मला तर रात्रंदिवस एकच भीती होती की आता सामान बांधून जायचं कुठे. सांगलीला परत जायचं म्हटलं तर तिथेही आमचं कुणी दार उघडून बसलेलं नव्हतं.

आणि ती भीती उगीचची नव्हती. तोवर उज्जैनचा रंग पालटून गेला होता. महाकालाच्या दर्शनाला देशभरातून माणसं लोटायला लागली आणि आमच्या गल्लीतल्या घरांवर एकामागून एक पाट्या लागल्या: रूम मिळेल, एसी, गरम पाणी. जिथे वर्षानुवर्षं भाडेकरू राहत होते तिथे रोज नवे यात्रेकरू, नव्या चादरी, रोजचे पैसे. समोरच्या घरातल्या बाईंना महिन्याभरात खोली सोडावी लागली. त्यांचा कूलर अंगणात पडलेला मी खिडकीतून बघितला आणि खिडकी लावून घेतली.

सुहास दर महिन्याला इंदूरहून यायचा. भाडं थकलेल्यांशी बोलणं त्याच्याकडे होतं. माणूस वाईट नव्हता. मवाळ बोलायचा, वेळ द्यायचा, पण काम करून जायचा. एकदा तो आमच्या दारात आला.

"वहिनी, जरा बोलायचं होतं..." म्हणता म्हणता त्याची नजर आत गेली, घोडीवर पडली आणि तो थांबला. "काम चालू आहे का?"

"कसलं चालू! नुसतं पडलंय इतके महिने! तुम्हीच सांगा आता तुमच्या वडिलांना," मी तावातावाने सुरू झाले. इतक्यात त्याच्या मागून भाऊसाहेब अक्षरशः धावत आले. वयाला शोभणार नाही असे. शर्ट घाईघाईत उलटा करताना एक बाही आतच राहिलेली.

"चालू आहे, चालू आहे!" ते धापा टाकत म्हणाले. "मसाला धरत नाही न ह्या दिवसात. म्हणून थांबलं. चालूच आहे."

सुहासने वडिलांकडे बघितलं, घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आल्या पावली परत गेला. भाऊसाहेब तिथेच उंबऱ्यावर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, तक्रार मला सांगत जा. त्याला नाही." मला वाटलं, मुलासमोर आळस उघडा पडला म्हणून रागावले.

पुढे ह्यांना एका शीतगृहात हिशेबाचं काम लागलं. हळूहळू आम्ही मागची बाकी फेडत आणली. शेवटचे पैसे घेऊन मी गेले तेव्हा माझी मान कधी नव्हे इतकी ताठ होती.

"तक्रार?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"घोडी," मी म्हटलं. "दुसरी काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. मसाला कालवला, भिंत ओली केली, थापत गेले. दुपारच्या चहाला भिंत पूर्ण झालेली होती. चक्क सरळ. त्यांच्या हातची मी पाहिलेली एकमेव सरळ भिंत.

"एवढंच काम होतं?" माझा आवाज चढला.

"हो," ते करणी धूत म्हणाले. "एवढंच होतं."

आणि घोडी उचलून ते तिवारीजींच्या खोलीत निघाले. त्या वर्षी तिवारीजींचा हात मोडला होता, घाटावर बसणं बंद होतं, म्हणजे तिथेही भाडं थकलेलं असणार. मी संध्याकाळी मुद्दाम खाली गेले. म्हटलं, ह्या गरीब ब्राह्मणाला सावध करावं. "तिवारीजी, भिंत सोलू देऊ नका. वर्षभर अडकून पडाल."

तिवारीजी गळ्यात बांधलेला हात सावरत हसले. "भाभीजी, आपको सच में नहीं मालूम? जब तक घोड़ी खड़ी है, सुहास भैया मुँह नहीं खोल सकते. न किराया माँग सकते, न खाली करने को कह सकते. भाऊसाब की एक ही शर्त है. जिस दिन मकान का कारोबार बेटे को दिया, उसी दिन महाकाल की सौगंध लेकर बेटे से हाँ करवाई थी."

मी तिथेच त्यांच्या दाराशी उभी राहिले. उंबऱ्यावर धापा टाकत बसलेले भाऊसाहेब मला दिसायला लागले, एक बाही आत राहिलेले. आणि मी सुहासला तावातावाने सांगत होते की काम बंद आहे म्हणून!

मी तडक पुढच्या खोलीत गेले. राग आला होता, रडू येत होतं, दोन्ही एकदम. "भाऊसाहेब, सांगायला काय जात होतं तुमचं? वर्षभर मी मनातल्या मनात शिव्या दिल्या तुम्हाला."

"देऊ द्या न," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्ही राहिल्या नसत्या. खुद्दार बाई आहात. सामान बांधून निघून गेल्या असत्या." मग बराच वेळ भिंतीवर टकटक करत राहिले. मी उठणार तेवढ्यात बोलले, भिंतीकडेच बघत. "आम्ही पण किरायेदार होतो, सूनबाई. घाटाच्या बाजूला. वडिलांचं काम सुटलं, किराया चढला. मकानवाला एक दिवस सकाळी आला न सामान गल्लीत ठेवायला लागला. आईने पोळ्यांची कणीक भिजवली होती. ती ठेवणार कुठे? परात हातात धरून चालली. साऱ्या बाजारातून. लोकं बघून राहिले न ही परात घेऊन चालून राहिली. मी तिचा पदर धरलेला." मग म्हणाले, "मुलाला सांगून ठेवलं आहे. काम अपनं अधूरं असेल तर कोणाला उठवायचं नाही. आता काम पूरं करणं न करणं तर माझ्या हातात आहे न?"

त्या दिवसापासून माझी आणि त्यांची खरी गट्टी जमली. घोडी ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. ती कुणाच्या दारात शिरली की मी त्या बाईला हळूच सांगायची, बाई, शिव्या द्या पण राहा.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता भाऊसाहेब न्हाणीघरात पडले. उजवं अंग गेलं, वाचा अडखळली. इस्पितळातून त्यांना घरी आणलं तेव्हा खाटेवर एवढंसं माणूस उरलं होतं. डावा हात मात्र चालायचा. खाट भिंतीला लागून होती आणि ते पडल्या पडल्या डाव्या हाताने टकटक करत, कान देत. मी पेज भरवायला जायची तेव्हा ती टकटक मला दारातूनच ऐकू यायची. जिवात जीव यायचा.

सुहास सुट्टी काढून आला, राहिला, पण असा किती दिवस राहणार? त्याने ठरवलं, बाबांना इंदूरला न्यायचं. त्याच्या फ्लॅटवर, सातव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, बाई ठेवता येईल, डॉक्टर खाली. त्याचं काहीच चुकत नव्हतं. भाऊसाहेबांना त्याने हे माझ्यासमोर सांगितलं. ते ऐकत होते. मग ओठ वाकडे करत, सगळा जोर लावून एकच शब्द बोलले, "इथे."

"बाबा, इथे कोण करणार तुमचं?"

"इथे," ते पुन्हा म्हणाले. डोळ्यांतून पाणी. सुहास तोंड फिरवून बाहेर गेला. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला.

आमचा काय अधिकार? आम्ही भाडेकरू. बापलेकांच्या मधे बोलणारे आम्ही कोण? दोन दिवस हे आणि मी एवढंच बोलत होतो. तिवारीजी येऊन बसायचे आणि तसेच उठून जायचे. शनिवारी मी पेज घेऊन गेले तर भाऊसाहेब टकटक करत नव्हते. हात नुसता भिंतीवर ठेवलेला. मी म्हटलं, "तक्रार सांगा, भाऊसाहेब." त्यांनी डोळे मिटून घेतले. जो सांगत नाही त्याच्याकडे आधी जायचं, हे मला ह्याच माणसाने शिकवलं होतं.

रविवारी सकाळी मी साडीवरून ह्यांचा जुना शर्ट घातला. उलटा. तिवारीजींनी आणि ह्यांनी मागच्या खोलीतून घोडी उचलून आणली आणि भाऊसाहेबांच्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी उभी केली. मी वर चढले. त्यांच्या खाटेलगतच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, ओलीचा एक डाग कधीचा होता. स्वतःच्या खोलीकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. छिन्नी हातात धरली आणि घाव घातला. प्लास्टरचा पोपडा सुटून खाली पडला. भाऊसाहेबांनी डोळे उघडले. मला बघितलं, शर्ट बघितला, घोडी बघितली. ओठांचा डावा कोपरा हलला. त्याला हसणंच म्हणायचं.

गाडीचा आवाज झाला. सुहास आत आला तेव्हा खोलीभर धूळ, खाटेवर टाकलेल्या चादरीवर सिमेंटचे कण, घोडीवर मी आणि खाली घोडीचे पाय घट्ट धरून बसलेले तिवारीजी. तो दारातच उभा राहिला. इतक्या वर्षांत मी ह्या माणसाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"हे काय आहे, वहिनी?"

"काम चालू आहे," मी म्हटलं.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुहास वडिलांकडे बघत होता आणि भाऊसाहेब त्याच्याकडे. मग भाऊसाहेबांचा डावा हात हळूहळू भिंतीकडे गेला. टक टक.

सुहास खाली बसला. खाटेच्या कडेवर, धुळीतच. वडिलांच्या चादरीवरचे कण त्याने एक एक करून झटकले, नाक ओढलं आणि मान वर न करता विचारलं, "किती दिवस लागतील?"

मी छिन्नी घट्ट धरली. जमेल तेवढ्या गवंड्याच्या आवाजात म्हटलं, "सांगता येत नाही, दादा. मसाला धरत नाही ह्या दिवसात."

त्याने उठून बाहेर जाऊन गाडी परत पाठवली. भाऊसाहेब चैत्रापर्यंत होते, आणि गेले ते त्याच खोलीत, त्याच भिंतीला हात लावून. भिंत अजून अर्धीच आहे.